कुंद्यातलं पाणी कुठं गेलं?

माझा भाचा, त्याची बायको आणि त्यांची दहा वर्षांची पोरगी मागच्या नोव्हेंबरात शनिवार-रविवार बेळगावला आले होते, आणि रविवारी संध्याकाळी मिठाईच्या दुकानात कुंद्याचा बॉक्स हातात धरून पोरगीने मला विचारलं, मावशीआज्जी, हा दुधाचा आहे ना, मग पुण्याला जाईपर्यंत नासणार नाही का, दूध तर सकाळी बाहेर राहिलं तरी दुपारी फाटतं. मी बरीच वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवतेय, पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचित येतो. तिला मी म्हटलं, उत्तर आहे पाणी, गाडीत बसल्यावर सांगते. आणि सांगायला बसले तेव्हा लक्षात आलं की दोन दिवसांत आम्ही जे जे खाल्लं-प्यालं त्या सगळ्यात हीच एक गोष्ट होती, पाणी किती आहे, कुठं अडकलंय आणि कुठं निघून गेलंय.

शनिवारी आम्ही पश्चिमेला गेलो होतो, जांबोटीवरून कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते. पाऊस संपून महिना झाला होता तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूला हिरवं गार, भाताची कापणी चाललेली, कुठं कुठं शेतात अजून ओल. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला धडकते आणि वर चढायला लागते, वर हवेचा दाब कमी म्हणून ती पसरते, पसरताना गार होते, आणि गार हवेत वाफ कमी मावते, मग जास्तीचं पाणी सगळं इथंच कोसळतं. डोंगर ओलांडून तीच हवा पूर्वेकडे खाली उतरते तेव्हा उलटं होतं, ती दाबली जाते, तापते आणि कोरडी पडते. म्हणून गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमीच पाऊस, आणि खानापूरच्या घाटाकडच्या गावांत त्याच्या कित्येक पट. जिल्हा एकच, पण शनिवारी जेवणात भात, आमटी आणि कोकमाची कढी, आणि रविवारी गोकाककडे ताटात ज्वारीची भाकरी, एण्णीगाई म्हणजे भरली वांगी, शेंगा चटणी आणि दही. भाचेसून म्हणाली, मावशी, आपण दुसऱ्या राज्यात आलो की काय. नाही गं बाई, आपण फक्त पावसाच्या दुसऱ्या बाजूला आलोय.

भाताला हंगामात हजारभर मिलिमीटर तरी पाणी लागतं, मुळं पाण्यात उभी राहिली तरी चालतं त्याला. ज्वारीचं साधारण चारशे ते सहाशेत भागतं, आणि आमच्याकडचा शाळू तर पावसाळा संपत आल्यावर पेरतात, काळ्या रानात जी ओल धरून ठेवलेली असते तिच्यावरच तो थंडीत वाढतो, वरून पाऊस पडला नाही तरी. ज्वारीच्या पानावर मेणासारखा पांढरट थर असतो त्यामुळे पाणी उडून जात नाही, आणि पावसाने ओढ दिली की हे पीक मरत नाही, वाढ थांबवून गप्प बसतं, ओल मिळाली की परत सुरू. मला ज्वारीचं हे फार आवडतं.

आता भाकरी. गोकाककडे आम्ही जिथं जेवलो तिथं चुलीपुढं एक अक्का भाकऱ्या थापत होत्या, पोरगी तिथंच उभी राहिली, जेवायला बोलावलं तरी येईना. तिचं म्हणणं, आई चपातीला गार पाणी घेते, ह्या उकळतं का घेतात. गव्हात ग्लुटेन असतं, म्हणजे दोन प्रकारची प्रथिनं पाण्यात भिजली की एकमेकांत गुंतून रबरासारखं जाळं करतात, म्हणून कणीक ताणली जाते. ज्वारीत असं जाळं होतच नाही. मग पीठ धरून कोण ठेवणार? स्टार्च. उकळतं पाणी ओतलं की पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि चिकट खळ तयार होते, ज्वारीत हे साधारण सत्तर अंशाच्या आसपास सुरू होतं, आणि ती खळ बाकीच्या पिठाला एकत्र बांधते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे त्यामुळे इथं पाणी शंभराला नाही, साडेसत्त्याण्णवच्या जवळपास उकळतं, पण त्याने भाकरीचं काही अडत नाही. पीठ जुनं झालं की मात्र अडतं, विरी गेली म्हणतात त्याला, कितीही मळा, कडेला चिरा पडतातच.

तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात तेही उगीच नाही. वरचं पीठ कोरडं पडून तडकू नये म्हणून ते पाणी, आणि उलटल्यावर त्याच ओल्या थराची उष्णतेने पातळ कातडी तयार होते. दोन्ही बाजूला कातडी झाली की आतल्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटीच्या वर जागा मागते, बाहेर जायला वाट नाही, मग भाकरी टम्म फुगते. कुठं बारीक भोक राहिलं तर फुगत नाही. अक्कांना मी हे कानडीत सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, ते माझ्या सासूनं मला एका वाक्यात सांगितलेलं, कडेला बोट नीट फिरव.

तिथंच भिंतीला लागून कडक भाकऱ्यांची चळत होती, पापडासारख्या पातळ. ह्या भाकऱ्या मऊ असताना खायच्या नसतातच, तव्यावरून काढून पूर्ण वाळवतात, आणि मग त्या कित्येक आठवडे टिकतात, जत्रेला निघालेले लोक गाठोड्यात बांधून न्यायचे. साधी भाकरी दुसऱ्या दिवशी वातड होते आणि कडक भाकरी महिन्यानेही कुरकुरीत, हे कसं? आपल्याला वाटतं शिळी भाकरी वाळली म्हणून कडक झाली. तसं नाही. १८५२ मध्ये बूसेंगो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाव हवाबंद ठेवून बघितला, पाणी बाहेर जायला वावच नाही, तरी पाव शिळा झाला, आणि परत तापवला की पुन्हा मऊ. म्हणजे पाणी कुठं गेलेलंच नव्हतं. शिजताना मोकळे झालेले स्टार्चचे रेणू गार झाल्यावर हळूहळू पुन्हा एकमेकांना चिकटून रांगेत बसतात, त्यामुळे पदार्थ ताठ होतो, आणि फ्रीजच्या गारव्यात तर हे जास्तच जोरात होतं. म्हणून भाकरी-चपाती फ्रीजमध्ये ठेवू नका असं मी सगळ्यांना सांगत असते, एक दिवस बाहेर फडक्यात गुंडाळून ठेवा नाहीतर सरळ फ्रीजरमध्ये टाका. कडक भाकरीत पाणीच इतकं कमी उरतं की रेणूंना हलायलाही जमत नाही, जिथल्या तिथं गोठल्यासारखे, काचेसारखे, म्हणून ती कुरकुरीत राहते.

जेवताना रंजका वाढला, म्हणजे ताज्या लाल मिरच्या मीठ-लिंबू-लसूण घालून वाटलेल्या, आणि भाच्याने भाकरीचा मोठा घास रंजक्यात बुडवून घेतला आणि लगेच तांब्याभर पाणी प्यायला. पाण्याने काही होत नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन तेलकट स्वभावाचं, पाण्यात विरघळत नाही, पाणी प्यालं की ते तोंडभर पसरतं एवढंच. दही-ताक घ्यावं, दुधातलं केसिन हे प्रथिन आणि स्निग्ध पदार्थ त्याला धरून घेऊन जातात, आमच्याकडे ताटात दही असतंच ते ह्याच अनुभवातून आलेलं असणार असं मला वाटतं. आणि तिखट ही चव नाहीच, जिभेवर उष्णता ओळखणारे जे रिसेप्टर आहेत, साधारण त्रेचाळीस अंशाच्या वर उघडणारे, तेच कॅप्सायसिनने उघडतात, मेंदूला निरोप जातो की भाजतंय. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हा रिसेप्टर शोधला आणि २०२१ चं नोबेल अर्डेम पटापुटियन यांच्यासोबत त्यांना मिळालं. पोरगीला ब्याडगी मिरचीचं तिखट घातलेली भाजी चालली पण रंजका नाही, कारण ब्याडगीत रंगद्रव्य भरपूर आणि कॅप्सायसिन कमी, रंगावरून तिखटपणा ठरत नाही. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, २०११ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली. आमच्या हुक्केरी तालुक्यातली संकेश्वरी मात्र तिखट, ती वेगळी जात.

आता शनिवार रात्रीचं सांगते, कारण ट्रिपमध्ये हे कुणालाही होऊ शकतं. परत येताना रस्त्याकडेला उसाचा रस प्यालो, सगळ्यांनी, भाच्याने बर्फ घालून दोन ग्लास. रात्री दोनला त्याचं पोट बिघडलं, पहाटेपर्यंत चार-पाच वेळा. सकाळी घरात एकच चर्चा, रसाने झालं, बर्फाने झालं. बर्फावर संशय घेणं बरोबरच, गोठवल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, झोपतात फक्त, आणि बर्फ कुठल्या पाण्याचा ते आपल्याला दिसत नाही. पण प्रवासातल्या जुलाबाला सगळ्यात जास्त कारणीभूत असणारा ई. कोलायचा जो प्रकार आहे त्याला पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूचं विष आधीच अन्नात तयार झालेलं असेल तर एक ते सहा-आठ तासांत त्रास होतो, पण त्यात उलट्या जास्त असतात. भाच्याला उलटी एकही नाही. म्हणजे शुक्रवारी पुण्यात ऑफिसजवळ खाल्लेलं किंवा गुरुवारचंसुद्धा काहीतरी असू शकतं. पोट बिघडलं की आपण शेवटचा घास आठवतो आणि त्याच्यावर खापर फोडतो, पण दोन-तीन दिवस मागं जाऊन आठवायला पाहिजे.

कारण काहीही असो, अशा वेळी काय द्यायचं ते महत्त्वाचं. भाचेसून म्हणाली, मावशी, कोल्ड्रिंक देऊ का, नाहीतर परत रसच देऊ बिनबर्फाचा, साखर आहे ना त्यात, ताकद येईल. नको. उसाच्या रसात लिटरमागे साधारण दीडशे ग्रॅम साखर असते, आणि ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात पाजतात त्या मीठ-साखरेच्या पाण्यात, फक्त साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. आतड्यात साखर इतकी दाट झाली की रक्तातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. मग साखर घालायचीच कशाला? कारण आतड्याच्या भिंतीत एक दार आहे जे एकट्या मिठाला उघडत नाही आणि एकट्या साखरेलाही नाही, सोडियम आणि ग्लुकोज दोघं मिळून आले की ते दोघांनाही आत घेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत येतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. जुलाब चालू असतानाही हे दार शाबूत असतं, सगळी मेख तिथं आहे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात भरून नातेवाईकांच्याच हातून रुग्णांना पाजलं, आणि मृत्यूचं प्रमाण जवळपास तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला अजून हे सांगताना भरून येतं, इतकी साधी गोष्ट आणि केवढे जीव वाचले. तर ट्रिपला निघताना बॅगेत ओआरएसची चार पाकिटं टाका, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला, जास्त दाट नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ताप असेल, रक्त पडत असेल, लहान मूल मलूल झालं असेल तर मात्र डॉक्टर, लगेच. भाचा दुपारपर्यंत ठणठणीत होता, म्हणून तर गोकाकला जाऊन रंजका खाल्ला त्याने. मी नको म्हणत होते.

गोकाकला धबधब्यावर पाणी बेताचंच होतं, घटप्रभा पन्नासेक मीटरवरून खाली पडते तिथं, पावसाळ्यात बघावं. तिथून करदंट घेतला. कानडीत करिद म्हणजे तळलेला आणि अंटू म्हणजे डिंक, नावातच रेसिपी आहे. डिंकाचा खडा बघायला काचेसारखा कोरडा दिसतो, पण त्यात दहा-पंधरा टक्के पाणी अडकलेलं असतं. गरम तुपात पडला की बाहेरून मऊ होतो आणि आतल्या पाण्याची वाफ त्याला फुलवते, लाहीसारखा, भाकरी फुगली त्याच न्यायाने. मग त्यात गुळाचा पाक, खोबरं, खारीक, काजू, बदाम, खसखस. हा महिनाभर सहज राहतो. ह्यात पाणी इतकं कमी आणि जे आहे ते गुळाने धरलेलं, जंतूंना हात लावता येत नाही. हा खराब झालाच तर बुरशीने नाही, खवट होऊन होतो, म्हणजे काजू-बदामातल्या तेलाला हवेतला ऑक्सिजन लागून. खोबऱ्याचं तेल जास्त करून संपृक्त असतं ते दमाने घेतं, सुक्या मेव्याचं लवकर बिघडतं. म्हणून करदंट फ्रीजमध्ये नाही ठेवला तरी चालेल, पण डबा घट्ट बंद आणि उन्हापासून लांब.

आता पोरगीचा प्रश्न. दुधात जवळपास सत्त्याऐंशी टक्के पाणी. कुंदा करताना दूध तासन्‌तास आटवतात, मधे थोडं दही घालतात, दह्याच्या आंबटपणाने आणि उष्णतेने केसिनच्या बारीक गुठळ्या होतात, तोच कुंद्याचा दाणा. जोवर पाणी भरपूर आहे तोवर दूध कितीही उकळा, तापमान शंभराच्या वर जात नाही, सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. पाणी संपत आलं की कढईच्या तळाशी तापमान चढायला लागतं आणि मग दुधातली साखर, लॅक्टोज, आणि प्रथिनातलं लायसिन यांची प्रक्रिया जोर धरते, रंग तपकिरी होत जातो आणि तो खमंग वास सुटतो. १९१२ मध्ये लुई कामीय माय्यार यांनी ही प्रक्रिया पहिल्यांदा सांगितली, भाकरीचे डाग, भाजलेले शेंगदाणे, कॉफी, सगळीकडे तीच. आपण वरून घालतो ती साखर सरळ ह्यात भाग घेत नाही, तिची रचना वेगळी. कुणी ती वेगळी करपवून घालतात, त्याचा रंग निराळा आणि किंचित कडसर चव येते. मला दूध आटून आलेल्या रंगाचाच कुंदा आवडतो.

पण पाणी कमी झालं एवढंच नाही, उरलेलं पाणी कुणाच्या ताब्यात आहे हे जास्त महत्त्वाचं. मधात सतरा-अठरा टक्के पाणी असतं तरी तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि गव्हाच्या दाण्यात तेवढं पाणी राहिलं तर पोत्यात बुरशी धरते. ऑस्ट्रेलियातल्या विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५० च्या दशकात दाखवलं की जंतूंना एकूण पाण्याशी देणंघेणं नसतं, मोकळं पाणी किती ते बघतात. हे मोजायला शून्य ते एक अशी पट्टी आहे, शुद्ध पाणी एक, दूध ०.९९ च्या आसपास, बहुतेक बॅक्टेरिया ०.९१ च्या खाली वाढत नाहीत, स्टॅफिलोकोकस ०.८६ पर्यंत तग धरतो, बुरशी आणखी खाली, आणि ०.६ च्या खाली कुणीच नाही. साखर पाण्याच्या रेणूंना धरून ठेवते, वर जंतू तिथं पडलाच तर त्याच्या पेशीतलं पाणी ती बाहेर ओढते, आदल्या रात्री भाच्याच्या पोटात रसाने जे केलं असतं तेच. कुंदा ह्या पट्टीवर मधेच कुठंतरी बसतो, दुधासारखा लगेच नासत नाही पण मऊ आहे म्हणजे मोकळं पाणी अजून आहे, बुरशीला पुरेल इतकं. म्हणून रात्रीच्या प्रवासाला काही होणार नाही, घरी पोचल्यावर फ्रीज, आणि काढताना कोरडा चमचा. ओला चमचा घातला की आपणच जंतूंना मोकळं पाणी नेऊन दिलं.

एवढं सगळं ऐकून पोरगी म्हणाली, मग मांडे? कारण दुकानातून मांडेही घेतले होते. मनात मांडे खाणारे लोक पुष्कळ, पण बेळगावात ते खरे मिळतात, लग्नात पाहुण्यांना देतात. पीठ हातावर ताणत ताणत रुमालासारखं पातळ करून, पिठीसाखर-खसखस-वेलची भरून उलट्या खापरावर भाजतात आणि गरम आहे तोवर घडी घालतात, गार झाला की घडी पडत नाही, मोडतो. इथं ग्लुटेनचं जाळं पाहिजेच, ज्वारीचं पीठ असं ताणलं जाणार नाही. कडक भाकरीसारखाच तोही काचेसारखा होतो, आणि साखर असल्यामुळे हवेतली ओल फार पटकन ओढतो. पावसाळ्यात तासाभरात लिबलिबीत.

तिने बसमध्ये मांड्यांचा बॉक्स पुण्यापर्यंत मांडीवर धरून नेला. मंगळवारी फोन आला, एक मांडा तिने रात्रभर ताटलीत उघडा ठेवला होता आणि एक डब्यात बंद, सकाळी दोन्ही मोडून बघितले तर दोन्ही कुरकुरीत, आज्जी तुझं चुकलं. मी म्हटलं, नोव्हेंबर आहे गं, हवा कोरडी आहे, जूनमध्ये मी परत पाठवते, तेव्हा हेच करून बघ आणि दर पंधरा मिनिटांनी वहीत लिही.